वही नेटकी की बोलकी?

जून महिना आला की घराघरात एक वास दरवळतो, नव्या वह्या-पुस्तकांचा. तपकिरी कव्हरं घालून होतात, नावाची लेबलं चिकटवून होतात, पेन्सिलींना टोकं काढून होतात. पहिल्या पानावरचं अक्षर तर काय, मोत्याचे दाणे! पण गणपती येईपर्यंत त्याच वहीचे कोपरे दुमडलेले असतात, मधली दोन-चार पानं गायब असतात आणि एखाद्या दिवशी लाल शाईतला शेरा घरी येतो, 'अक्षर सुधारा'. दोनच शब्द, पण ते वाचून आईच्या पोटात कालवतं. जणू तो शेरा मुलाला नसून आपल्यालाच दिलेला असतो.

मग घरात खोडरबराचं राज्य सुरू होतं. 'हा काना वाकडा आलाय, खोड.' 'शिरोरेघ बघ कुठं चाललीय, खोड.' 'सगळं पान परत लिही.' समोर बसलेलं सहा-सात वर्षांचं पोर जीभ बाहेर काढून, पेन्सिल दाबून दाबून लिहीत असतं. कागद आधी काळा होतो, मग झिजतो, मग फाटतो. आई हैराण, मूल रडवेलं. आणि दुसरीकडे पालकसभेत, व्याख्यानांत, वर्तमानपत्रांत आपल्याला सांगितलं जात असतं की मुलांच्या कल्पनाशक्तीला वाव द्या, त्यांना मोकळं सोडा. मग आईनं करायचं तरी काय? वही नीटनेटकी ठेवायला लावायची, की सोडून द्यायचं?

मैत्रिणींनो, मला वाटतं आपण हा प्रश्नच जरा चुकीचा मांडतो. नीटनेटकेपणाही हवा आणि कल्पकताही हवी, याबद्दल वाद नाही. पण लहान मुलाकडून या दोन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाच बैठकीत मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे. दोन्ही शिकवायच्या, पण वेगवेगळ्या वेळी. मग पुढे कधीतरी त्या आपोआप एकत्र येतात.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही पाच-सहाजणी जवळच्या वस्तीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. पहिली ते चौथीची मुलं येतात. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस कोसळत होता, म्हणून अभ्यास बाजूला ठेवून आम्ही पावसावर गप्पा मारत बसलो. तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, पाऊस आला की आमच्या पत्र्यावर एवढा आवाज होतो, की आई-बाबा भांडत असले तरी काहीच ऐकू येत नाही. मग मला छान झोप लागते." क्षणभर मला काही बोलताच येईना. मी सगळ्यांना म्हटलं, "आता जे जे बोललात, तेच वहीत लिहा."

त्यानं लिहिलं होतं : 'पावसाळा हा एक ऋतू आहे. पावसाळ्यात पाऊस पडतो. मला पावसाळा आवडतो.' अक्षर सुरेख. एक खाडाखोड नाही. 'ऋतू'सारखा अवघड शब्दही बिनचूक, कारण तो पुस्तकातून दहादा उतरवून झालेला. मी विचारलं, "अरे, ते पत्र्याचं कुठं गेलं?" तर म्हणाला, "'पत्र्यावर' मला नीट येत नाही. खोडलं की कागद फाटतो. मग शाळेत ओरडा बसतो."

बघा, एका जोडाक्षरापायी केवढी गोष्ट वहीबाहेर राहिली! त्या मुलानं आळस केला नव्हता. त्यानं हिशेब केला होता. जे लिहिलं तर चूक होईल ते लिहायचंच नाही, जे बिनधोक येतं तेवढंच लिहायचं. आठव्या वर्षी हा हिशेब जमला की पुढे दहावीपर्यंत मूल गाइडमधलेच निबंध लिहितं. मग आपणच तक्रार करतो की हल्लीच्या मुलांना स्वतःचं असं काही मांडताच येत नाही.

याचा अर्थ नीटनेटकेपणा हा शत्रू आहे, असा कुणी काढू नये. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते. रात्री थकून आल्यावरही ती मुलीची वही उघडून बघते. स्वतःला फारसं वाचता येत नाही, पण पान स्वच्छ आहे का, ओळी सरळ आहेत का, हे तिला बरोबर कळतं. मी एकदा म्हटलं, "अगं, एवढं काय त्या अक्षराचं?" तर म्हणाली, "ताई, आमचं घर बघायला शाळेतून कुणी येत नाही. वही मात्र रोज बघतात. वही घाण असली की म्हणतात, आईचं लक्ष नाही." यावर आपण काय बोलणार? जिच्या पोरीला जगाकडून आधीच कमी लेखलं जातं, तिच्यासाठी नेटकी वही ही चैन नाही, ती तिची अब्रू आहे. 'मुलांना मोकळं सोडा' हे सुखवस्तू घरात म्हणणं सोपं असतं.

शिवाय नीटनेटकेपणामागे खरोखरच विचार आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारखं असावं, ओळीला ओळ लागू नये, इतक्या बारकाईनं सांगितलंय. कागदाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहील. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येणार नाही. प्रत्येक सूचनेमागे वाचणाऱ्याची काळजी आहे. म्हणजे सुवाच्य अक्षर हे पुढच्या माणसाला दिलेला मान आहे. गणितात तर ते त्याहून गरजेचं. एककाखाली एकक, दशकाखाली दशक नीट आलं नाही तर हातचा धरूनही बेरीज चुकणारच.

पण एक लक्षात घ्या. समर्थांचा तो समास ग्रंथांच्या प्रती करणाऱ्यांसाठी आहे. मजकूर तयार आहे, आता तो सुंदर उतरवायचा आहे, अशा माणसासाठी. आपण मात्र सात वर्षांच्या मुलाला सांगतो की मजकूरही तूच तयार कर आणि त्याच क्षणी तो सुंदरही उतरव. हे मोठ्यांनाही जमत नाही. लग्नाची आमंत्रणपत्रिका असो की हळदीकुंकवाच्या खर्चाचा हिशेब, आपण आधी पाठकोऱ्या कागदावर खरडतोच ना?

त्यातून लहान मुलाचं शरीरही बघायला हवं. आपल्या मनगटात आठ छोटी छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, नुसती मऊ कूर्चा असते. पहिल्या वर्षात त्यातली दोन हाडं घट्ट होऊ लागतात, मग एकेक करत सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक होतात आणि शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. म्हणूनच मुलाचं हाडांचं वय बघायचं असलं की डॉक्टर हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढायला सांगतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीत पेन्सिल सहज फिरायला लागायलाही सराव लागतो आणि वय लागतं. आपण पहिलीतल्या मुलाला 'हात का थरथरतो?' म्हणून ओरडतो, तेव्हा त्याचा हात अजून घडत असतो.

आणि आपली लिपी! देवनागरी वाचायला सोपी, पण लिहायला नाजूक. अक्षराच्या डोक्यावर मात्रा, खाली उकार, मागे पहिली वेलांटी, पुढे दुसरी वेलांटी, वर अनुस्वार, शिवाय शिरोरेघ. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते, पण कागदावर आधी काढावी लागते. त्यात जोडाक्षरं, रफार. 'पत्र्यावर' हा शब्द लिहिताना त्या मुलाला किती गोष्टींचा विचार करावा लागला असेल, बघा. तेवढ्या वेळात पाऊस, पत्रा, आवाज, झोप सगळं डोक्यातून निसटून जाणारच. मन धावतं आणि हात रांगतो, असं ते वय आहे.

ही अडचण ओळखणारी माणसं पूर्वीच होऊन गेली. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. कष्टकऱ्यांची मुलं तिथं येत. माँटेसरीबाईंनी हाताचं काम आणि डोक्याचं काम सरळ वेगवेगळं केलं. हाताला वळण लागावं म्हणून खरखरीत कागदाची अक्षरं बोटानं गिरवायची, धातूच्या आकारांच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. आणि मनातलं सांगण्यासाठी? त्यासाठी सुटी, कापलेली अक्षरं होती. ती चटईवर मांडून मूल शब्द जुळवायचं. पेन्सिल धरता आली नाही तरी मनातला शब्द समोर मांडता यायचा. हात तयार झाला की दोन्ही वाटा एकत्र. किती साधी गोष्ट!

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हाच विचार इथल्या मातीत रुजवला. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. महागडी साधनं नव्हती, म्हणून पानं, बिया, शिंपले, खडे हीच साधनं. तसं एखाद्या मुलानं बिया आकारानं, रंगानं ओळीत मांडल्या की तो नीटनेटकेपणा. त्याच बियांची मग मासोळी केली की ती कल्पकता. साहित्य एकच, वेळ निराळी.

आपल्यापैकी अनेकींनी शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या असतील. आठवतंय? स्मरणचित्राचा पेपर वेगळा होता आणि भूमिती व अक्षरलेखनाचा वेगळा. स्मरणचित्रात जत्रा, बाजार, बसथांबा मनातून काढायचा. भूमितीच्या पेपरात मात्र रेघ केसभरही हलता कामा नये. दोन्हीची गरज चित्रकाराला असते, हे परीक्षा आखणाऱ्यांना ठाऊक होतं. आणि शेवटी ती एकत्र येतातच. संगणकावरच्या 'मंगल' या देवनागरी टंकाचे रचनाकार र. कृ. जोशी हे सुलेखनकार होते आणि कवीही. अक्षरांशी मनसोक्त खेळण्याचं त्यांचं स्वातंत्र्य काटेकोर अभ्यासावरच उभं होतं.

स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या ना. पहिली पोळी कुणाची गोल झाली आहे? आपल्या सगळ्यांच्याच पहिल्या पोळ्या म्हणजे निरनिराळ्या देशांचे नकाशे! पण शहाणी आई ती पोळी मोडून पुन्हा पुन्हा लाटायला लावत नाही. कारण तिला ठाऊक असतं, सारखी मोडून लाटलेली पोळी वातड होते. ती नकाशाच तव्यावर टाकते, तूप लावून खाते आणि म्हणते, 'उद्या कडा जरा पातळ लाट.' उद्यासाठी एकच सूचना. खोडरबरानं झिजवलेल्या पानाचंही तसंच असतं.

आता थोडं आपल्या, म्हणजे मध्यमवर्गीय घरांबद्दल. वस्तीतली आई वही स्वच्छ असावी म्हणून धडपडते. आपल्याकडे त्याच्या पुढची पायरी आहे. आपण मुलाचं काम स्वतःच करतो! रात्री अकरा वाजता मूल झोपलेलं असतं आणि आई-बाबा जमिनीवर बसून 'पाण्याचे स्रोत' या विषयावरचा प्रकल्प चिकटवत असतात. इंटरनेटवरची रंगीत चित्रं छापून आणायची, मथळे सोनेरी पेननं लिहायचे, कडेला नक्षी काढायची. दुसऱ्या दिवशी तो तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागतो. मुलाला विचारा, तुझ्या घरचं पाणी कुठल्या धरणातून येतं? ते म्हणतं, नळातून. तक्ता नेटका, पण त्यात मूल कुठंच नाही.

यातून मुलाला काय कळतं, याचा विचार करून बघा. त्याला कळतं की माझ्या हातचं काम लोकांना दाखवण्यासारखं नसतं. हे आपण तोंडानं कधीच म्हणत नाही, पण दर महिन्याच्या प्रकल्पातून नेमकं हेच शिकवत राहतो. मग ते मूल चित्र काढायला बसलं की दोन डोंगर, त्यामधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी, एक झोपडी आणि आकाशात चार पक्षी काढून मोकळं होतं. चौथ्या मजल्यावर राहणारं मूलही झोपडीच काढतं! कारण ती बिनधोक असते. तिला कुणी नावं ठेवत नाही. त्याच्या खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, वायरींचं जाळं, समोरच्या गॅलरीतल्या आजी, यांचा सराव कुणी करून घेतलेला नसतो. ते चुकायची भीती असते.

मग घरी करायचं काय? आम्ही अभ्यासवर्गात ज्या गोष्टी करतो आणि ज्या जमल्या, त्या सांगते. त्यांना पैसा लागत नाही, थोडा धीर लागतो.

पहिली गोष्ट, दोन वह्या. एक पक्की, एक कच्ची. जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून कच्ची वही करा. तिच्यात खोडरबराला प्रवेश नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं. त्या वहीत लाल शाई चालवायची नाही, शुद्धलेखन काढायचं नाही. चित्र, शब्द, बाण, वाटेल ते. पक्क्या वहीत मात्र समास सोडायचा, दोन शब्दांत बोटभर अंतर ठेवायचं, अक्षर सावकाश काढायचं. तिथं 'चालेल' नाही. मुलांना हा फरक फार लवकर समजतो. खेळायचे कपडे निराळे आणि लग्नाला जायचे निराळे, हे त्यांना कुठं समजावून सांगावं लागतं?

दुसरी गोष्ट, आधी बोलणं, मग लिहिणं. 'तू सांग, मी लिहिते' असं म्हणून बघा. मूल सांगेल तसं, त्याच्याच शब्दांत आपण लिहायचं, सुधारणा न करता. त्या पत्र्याच्या पावसाचं आम्ही असंच केलं. त्यानं सांगितलं, मी लिहिलं. मग 'पत्र्यावर' हा शब्द त्यानं पाटीवर घोटला, पाटी पुसली तर फाटत नाही ना! आणि पुढचे तीन दिवस रोज दोन-दोन ओळी करत तो मजकूर पक्क्या वहीत उतरवला. अक्षरही सुरेख आलं आणि गोष्टही त्याचीच राहिली. आता तो स्वतःच विचारतो, "ताई, हे कच्च्यात लिहू की पक्क्यात?"

तिसरी गोष्ट, हाताचा व्यायाम वहीबाहेर होऊ द्या. अक्षर सुधारायला आणखी अक्षरच लिहायला लावतो आपण. त्यापेक्षा मुलाला मटार सोलू द्या, लसूण निवडू द्या, कणकेचे गोळे करू द्या, फुलं ओवू द्या, शर्टाची बटणं त्याची त्यालाच लावू द्या. मुलगा असला तरी! कात्रीनं जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापू द्या, अंगणात नाहीतर गॅलरीत रांगोळीचे ठिपके काढू द्या. बोटांत जोर आणि मनगटात वळण आलं की अक्षर निम्मं सुधारतं.

चौथी गोष्ट, एका वेळी एकच सुधारणा. या आठवड्यात फक्त शिरोरेघ. पुढच्या आठवड्यात फक्त शब्दांतलं अंतर. दहा ओळी घाईनं खरडण्यापेक्षा तीन ओळी मन लावून लिहिलेल्या बऱ्या. आणि पानात सगळ्यांत छान आलेलं अक्षर मुलालाच शोधायला सांगा. 'तुझा हा 'क' बघ किती डौलदार आलाय' असं नेमकं कौतुक केलं की पुढचा 'क' तसाच यावा म्हणून ते आपणहून धडपडतं. नुसतं 'छान' म्हणून काही हाती लागत नाही.

पाचवी गोष्ट प्रकल्पांबद्दल. साहित्य आणून द्या, वेळ काढून शेजारी बसा, पण हात मागे ठेवा. डिंक सांडू दे, चित्र तिरकं चिकटू दे. फार तर चिकटवायच्या आधी कागदावर सगळं मांडून बघायला शिकवा, पेन्सिलीनं हलकी रेघ आखायला शिकवा. ही युक्ती त्याला जन्मभर पुरेल. आपण चिकटवून दिलेला तक्ता एप्रिलमध्ये रद्दीत जाईल.

आता शाळांकडेही एक विनंती. शिक्षिकांची बाजू मला समजते. समोर वह्यांचा ढीग, एकेका वहीला मिनिटभरही मिळत नाही. एवढ्या वेळात दिसतं ते अक्षर आणि खाडाखोड, विचार वाचायला वेळ कुठला? शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिलंय, ते सगळीकडे पाळलं गेलं तर पुष्कळ फरक पडेल, आणि त्यासाठी पालकांनीही आवाज उठवायला हवा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या याच कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावं, त्याला आपलं म्हणणं मोकळेपणानं मांडायला मदत करावी, असं स्पष्ट म्हटलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं तर तीन ते आठ वर्षांचा काळ हा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला. कायदा आहे, धोरण आहे. ते त्या लाल शाईच्या टोकापर्यंत पोचायचं राहिलंय. निदान महिन्यातून एका लिखाणाला दोन शेरे देता येतील का? एक अक्षराबद्दल आणि एक म्हणण्याबद्दल. 'तुझी गोष्ट वाचून हसू आलं. आता मात्रा जरा नीट दे.' एवढं लिहिलं तरी मुलाला कळेल की माझं कुणीतरी वाचलं, नुसतं तपासलं नाही.

आणखी एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवावी. सहा-सात वर्षांच्या मुलानं एखादं अक्षर उलटं काढलं तर घाबरून जायचं कारण नाही. पण आठ-नऊ वर्षांचं झाल्यावरही अक्षरं सतत उलटी येत असतील, दोन ओळी लिहून हात दुखत असेल, फळ्यावरचं उतरवताना ओळीच्या ओळी गळत असतील, तर 'आळशी' म्हणून शिक्का मारू नका. आधी डोळे तपासून घ्या. मूल डावखुरं असेल तर हात बदलायला लावू नका. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा आणि वही थोडी उजवीकडे कलती ठेवू द्या, पुष्कळ फरक पडतो. तरीही अडत असेल तर तज्ज्ञांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशा मुलांना मदत मागण्याचा हक्क आहे. कित्त्याची शंभर पानं गिरवून ती अडचण जाणार नाही, उलट मूल वहीलाच भिऊ लागेल.

वस्तीतल्या त्या आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिला आधी पटलं नाही. "कच्ची वही शाळेत दाखवायची नाही ना?" एवढं तिनं दोनदा विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर तयार झाली. आता मुलगी रात्री तिला कच्च्या वहीतलं वाचून दाखवते. कधी बसमधल्या भांडणाचं, कधी शेजारच्या कोंबडीचं. आई भाकरी थापता थापता ऐकते. पक्की वही अजूनही ती स्वतः पान उलटून बघतेच, आणि ती आधीसारखीच स्वच्छ असते. दोन्ही वह्या एकाच दप्तरात आहेत. एकीनं दुसरीचं काही बिघडवलेलं नाही.

म्हणून एक सुचवते. आज मुलाची वही हातात घ्याल तेव्हा पहिल्यांदा नुसती वाचा. अक्षराकडे न बघता, त्यानं काय म्हटलंय तेवढं वाचा. त्यावर त्याच्याशी दोन वाक्यं बोला. आणि मग, पाहिजे तर दुसऱ्या दिवशी, शिरोरेघेकडे वळा. वाकडी शिरोरेघ सरळ करायला पुढे पुष्कळ वर्षं मिळणार आहेत. मनातलं सांगायचं सोडून दिलेल्या मुलाला पुन्हा बोलतं करायला मात्र फार कष्ट पडतात. ते कष्ट मी रोज संध्याकाळी बघते.